दाजींना पाण्यातून कुणी काढलं

आमच्या घरात एक गोष्ट बरीच वर्षं सांगितली जाते. पाहुणे आले, जेवणं उरकली, कुणी सुपारीचा डबा उघडला की विषय निघतो आणि माझा नवरा थोडा लाजल्यासारखं करून ती सांगायला लागतो. कोयनेच्या जलाशयात त्याचे दाजी, म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान, बुडत होते आणि त्याने त्यांना कसं बाहेर काढलं, ही ती गोष्ट. सांगतो चांगली. पाणी किती गार होतं, दाजींचं वजन किती लागलं, काठावर आल्यावर पायांतून कसा जीव गेला, सगळं तपशिलाने सांगतो. ऐकणारे हळहळतात. कुणी त्याच्या पाठीवर थाप मारतं.

माझ्या नवऱ्याला पोहता येत नाही.

मी सांगलीची. माहेर घाटापासून चालत जाण्याच्या अंतरावर. वडील हळदीच्या अडत दुकानात नोकरीला होते. सकाळी दुकान उघडण्याआधी ते रोज कृष्णेत डुंबायला जायचे आणि मला मुलगी म्हणून त्यांनी कधी घरी ठेवलं नाही. पाठीला पत्र्याचा डबा बांधून त्यांनी मला पाण्यात सोडलं, आणि एक दिवस न सांगताच डबा सोडून घेतला. शाळेत असताना मी जिल्ह्याच्या स्पर्धांना गेले. कॉलेजात असताना आमच्या घाटावर पोरंपोरी पोहायला यायची त्यांतल्या नवख्यांवर लक्ष ठेवायचं काम वडिलांनी माझ्यावर टाकलं होतं. बुडणाऱ्या माणसाला समोरून कधी धरायचं नाही, तो तुमच्या अंगावर चढतो, हे त्यांनी मला इतक्यांदा बजावलं होतं की ते शिकल्यासारखं वाटतच नव्हतं. रस्ता ओलांडताना आपण दोन्हीकडे बघतो तसं ते अंगात मुरलं होतं.

मग लग्न होऊन साताऱ्यात आले. सासरचे मूळचे शेतकरी, गावाकडे ऊस, शहरात घर. माणसं वाईट नव्हती. पण घरातल्या बायका पाण्यात उतरत नसत, एवढं खरं. लग्नानंतर पहिल्याच उन्हाळ्यात मी पोहण्याच्या तलावावरच्या बायकांच्या वेळेबद्दल विचारलं, तेव्हा सासूबाई हसल्या. रागावल्या असत्या तर मी वाद घातला असता. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "आता कुठं स्पर्धंला जायाचंय तुला?" विषय तिथेच संपला. मुलगी झाली आणि मग माझं मलाच ते आठवेनासं झालं.

वासोट्याची सहल दाजींनी ठरवली. दाजींचं कऱ्हाडच्या बाजूला ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे. अंगाने थोराड, आवाज मोठा, चारचौघांत बसले की बाकीचे आपोआप ऐकणारे होतात. आमच्या घरचे ते एकुलते जावई. ते येणार म्हटलं की सासूबाई आदल्या दिवसापासून मटणाचा मसाला भाजायला घेत. तेव्हा त्यांना नुकताच तब्येतीचा नाद लागला होता. रोज सकाळी ते पोहण्याच्या तलावावर जात आणि किती फेऱ्या मारल्या ते फोन करून माझ्या नवऱ्याला सांगत. थंडीच्या सुरुवातीला एकदा मुक्कामाला आले आणि म्हणाले, उद्या वासोटा करू, सगळ्यांनी. सासूबाईंचे गुडघे दुखत होते, त्या घरी राहिल्या. दाजी, माझ्या नणंद, माझा नवरा, मी आणि आमची मुलगी असे पाच जण निघालो. मुलगी तेव्हा दुसरीत होती.

कासच्या रस्त्याने बामणोलीला गेलो. तिथून लाँच. जलाशय ओलांडून पलीकडे अभयारण्यात उतरायचं, जंगलातून किल्ल्यावर चढायचं आणि संध्याकाळच्या आत परत फिरायचं, असा तिथला रिवाज. पाणी अगदी संथ होतं, वर धुक्याचा पातळ पापुद्रा. दोन्ही बाजूंना डोंगर थेट पाण्यात उतरलेले. मी लाँचच्या कडेला बसून हात पाण्यात सोडला. बोटांमधून पाणी वेगाने कापत गेलं आणि मला एकदम भरून आलं. का ते कुणाला सांगता आलं नसतं. नवरा म्हणाला, "हात आत घे, पोरगी पण तसंच करंल." मी हात आत घेतला.

उतरल्यावर जंगलखात्याच्या माणसांनी पिशव्या तपासल्या, प्लास्टिक मोजून घेतलं, सरळ वाट सोडू नका म्हणून सांगितलं. मग चढ सुरू झाला. त्या जंगलात ऊन खाली पोचत नाही. पायाखाली पानांचा थर, मधूनच गव्याचं ताजं शेण, झाडांच्या बुंध्यांवर अस्वलाच्या नखांचे ओरखडे. मुलीला ते ओरखडे फार आवडले. प्रत्येक झाडाशी थांबून ती बोटं लावून बघायची. दाजी पुढे गेले होते. वळणावर थांबायचे, आम्ही दिसलो की म्हणायचे, "काय, शहरातली माणसं दमली?" आणि पुन्हा निघायचे. नणंद मात्र खरंच दमल्या. त्यांची पिशवी मी घेतली. माझ्या पाठीवर आधीच जेवणाची पिशवी होती. नवऱ्याने मुलीला मधेमधे खांद्यावर घेतलं.

वर पोचल्यावर वारा लागला. टाक्यातलं पाणी तोंडावर मारलं. पलीकडच्या बाजूचा कडा एकदम तुटलेला आहे, खाली कोकण निळसर दिसत होतं. चपात्या, झुणका, कांदा, मिरचीचा ठेचा अशी शिदोरी सोडली. दाजींनी सगळ्यांचे फोटो काढले आणि सगळ्यांना स्वतःचे काढायला लावले. तो दिवस तिथे संपला असता तर माझ्या आयुष्यातल्या चांगल्या दिवसांत मी त्याची गणना केली असती.

उतरून काठावर आलो तेव्हा बराच वेळ शिल्लक होता. आमचा लाँचवाला जरा वर, सावलीत दुसऱ्या नाववाल्यांबरोबर भाकरी खात बसला होता. दाजी घामाने निथळत होते. त्यांनी शर्ट काढला आणि म्हणाले, "आता जरा पोहून घेतो, अंग मोकळं होईल."

लाँचवाल्याने वरूनच हाक मारली. "सायेब, हितं पवू नगा. खाली जुनी वावरं हायती. पाय टेकतोय टेकतोय म्हणंस्तवर तळ जातोय."

दाजी हसले. म्हणाले, आपण रोज पोहतो, घाबरू नका. मला त्यांच्या पायांचा थकवा दिसत होता. उतरताना शेवटच्या टप्प्यात ते दोनदा पोटऱ्या चोळायला थांबले होते. मी नवऱ्याला हळू म्हटलं, त्यांना सांगा, चढून उतरल्यावर लगेच गार पाण्यात जाऊ नये, पायात गोळे येतात. तो म्हणाला, "तू त्यांना शिकवू नको." नणंद वरच्या बाजूला झाडाखाली चटईवर आडव्या झाल्या होत्या. मुलगी माझ्याजवळ काठावर दगड गोळा करत होती.

दाजी पाण्यात शिरले, थंडीने एकदा ओरडले आणि झपाझप हात मारत निघाले. पाण्यात एक वाळलेल्या झाडाचं खोड उभं होतं, बरंच आत. तिथवर जाऊन परत यायचं त्यांनी मनाशी धरलं असावं. सुरुवातीला हात चांगले पडत होते. खोडाच्या अलीकडे ते थांबले. मग एक हात वर गेला. माझा नवरा हसून त्यांना हात करायला लागला.

माणूस बुडतो तेव्हा ओरडत नाही. ओरडायला श्वास लागतो. तोंड पाण्याच्या पातळीवर येतं, खाली जातं, पुन्हा येतं, हात दोन्ही बाजूंना पाणी दाबत राहतात, आणि बघणाऱ्याला वाटतं की तो खेळतोय. मला ते दिसलं. मी बूट काढले, जाकीट टाकलं, ओढणी हातात घेतली आणि पाण्यात गेले. नवरा मागून काहीतरी म्हणाला ते मी ऐकलं नाही.

पाणी इतकं गार होतं की पहिले काही क्षण छातीच उघडेना. कपडे जड झाले. पण हात पडायला लागले आणि मग सगळं आपोआप आलं, जणू मधली वर्षं नव्हतीच. दाजींच्या जवळ पोचले तेव्हा त्यांचे डोळे उघडे होते आणि त्यांत काही ओळख नव्हती. मी लांबूनच ओढणीचं टोक त्यांच्याकडे फेकलं आणि धरा म्हणून सांगितलं. त्यांनी धरलं, आणि ओढणीवरून हात मारत ते थेट माझ्या अंगावर आले. दोन्ही हात माझ्या मानेभोवती. आम्ही दोघं खाली गेलो. त्यांची नखं माझ्या खांद्यात रुतली होती. मी वर यायची धडपड केली नाही, आणखी खाली गेले. खाली गेलं की बुडणारा सोडतो. त्यांनी सोडलं. मी त्यांच्या मागे वर आले, डाव्या हाताने त्यांच्या डोक्याचे केस धरले, चेहरा आभाळाकडे केला आणि कानाशी ओरडले, "हलू नका. उताणे राहा. हललात तर मी सोडून देईन."

हे वाक्य मी बोलले. खरंच बोलले, आणि त्यांनी ते ऐकलं. ते हलायचे थांबले.

मग त्यांना तसंच ओढत काठाकडे आणलं. किती वेळ लागला कोण जाणे. लाँचवाला धावत आला होता, त्याने इंजिन चालू करायची खटपट केली, पण ते लवकर लागेना. मी उथळ पाण्यात आले, पाय टेकले, आणि मग माझ्यात काही राहिलं नाही. मी गुडघ्यांवर बसले. तेव्हा नवरा गुडघाभर पाण्यात आला होता. त्याने दाजींचा दंड धरला आणि त्यांना उभं करून चालवत बाहेर नेलं. तेवढ्यात आरडाओरडा ऐकून नणंद खाली धावत आल्या. त्यांना जे दिसलं ते एवढंच: त्यांचा भाऊ त्यांच्या नवऱ्याला पाण्यातून हाताला धरून आणतोय.

दाजींनी बरंच पाणी ओकलं. मग थरथरायला लागले. आमच्याकडे एकच कोरडा टॉवेल होता, तो त्यांच्या अंगावर गेला. चटई त्यांच्या अंगावर गेली. नवऱ्याने स्वतःचा स्वेटर त्यांना घातला. मी माझं जाकीट ओल्या कपड्यांवर चढवलं आणि लाँचमध्ये मागे बसले. मुलगी मला चिकटून बसली, तीही ओली झाली. परतीच्या वाटेवर लाँचवाल्याने मधेच मान वळवून विचारलं, "ताई, तुमी कुठल्या?"

"सांगलीची," मी म्हटलं.

"व्हय, तरीच," तो म्हणाला आणि पुन्हा पुढे बघायला लागला.

मी पाण्यात उतरल्याबद्दल त्या दिवशी मला कुणी म्हटलेलं तेवढंच. बामणोलीला उतरताना दाजींनी त्याला बाजूला घेऊन हे कुठे बोलू नको म्हणून सांगितलं. त्यालाही बोलायचं नव्हतंच. पोहायला बंदी असताना त्याच्या लाँचमधला माणूस पाण्यात उतरला होता, ही त्याच्याही पोटावरची गोष्ट होती. त्याला मी दोष देत नाही.

गाडीत दाजी पुढच्या सीटवर बसले, हीटर त्यांच्याकडे वळवला. मी मागे खिडकीशी. कासच्या पठारावरचा वारा काचेच्या फटीतून येत होता. नणंद रडत होत्या आणि मधूनमधून भावाच्या खांद्याला हात लावत होत्या. मी मनात म्हणत होते, अजून सगळे घाबरलेले आहेत, घरी गेल्यावर बोलतील.

घरी पोचलो. सासूबाई दारात. त्यांनी सगळ्यांकडे बघितलं, जावयांकडे, लेकीकडे, आणि मग माझ्याकडे. विचारलं, "ओढणी कुठं हाय तुझी?"

ओढणी पाण्यात गेली होती. मी तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तशीच आलीस व्हय बामणोलीतनं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजींच्या घरून फोन आला. नणंद हॉलमध्ये बोलत होत्या. देवाच्या कृपेने वाचले, माझा भाऊ होता म्हणून, नाहीतर काय झालं असतं. माझा नवरा पेपर वाचत शेजारी बसला होता. त्याने पान उलटलं. मी स्वयंपाकघराच्या दारात पोह्यांची ताटली घेऊन उभी होते. मला वाटलं आता तो पेपर बाजूला ठेवेल आणि म्हणेल, अगं मी नव्हे. त्याने दुसरं पान उलटलं.

नणंदेला मी माफ करू शकते. त्यांनी तेवढंच बघितलं होतं. पण बाकी दोघं पाण्यात होते.

दाजी निघायच्या आधी पाण्याचं निमित्त करून स्वयंपाकघरात आले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, फ्रीजवरच्या कॅलेंडरकडे बघत बोलले. "झालं ते झालं. चारचौघांत बोलायचा विषय नाही तो. आमच्याकडची माणसं कशी आहेत तुम्हाला माहीत आहे." मी काही म्हणायच्या आत ते पाण्याचा तांब्या घेऊन गेले. आभार मानायला आले असावेत, असं मला आधी वाटलं होतं.

आठवड्याभराने दाजींच्या घरची माणसं आमच्याकडे आली. दाजी, त्यांचे वडील आणि आई. वडील फौजेतून निवृत्त झालेले, ताठ बसणारे, कमी बोलणारे. त्यांनी माझ्या नवऱ्यासाठी शाल आणि नारळ आणला होता. फेटासुद्धा. माझ्यासाठी साडी होती, घरच्या लक्ष्मीला म्हणून. सासूबाईंनी नवऱ्याला पाटावर बसवलं, ओवाळलं. दाजींच्या वडिलांनी स्वतःच्या हाताने फेटा बांधला. मी चहा घेऊन आले तेव्हा ते त्याला विचारत होते.

"तुला पवायला येतंय व्हय रं? मला ठावं न्हवतं."

नवऱ्याने एकदा माझ्याकडे बघितलं. मी ट्रे धरून उभी होते. त्याच्या मनात काय चाललं होतं ते मला आजही नीट सांगता येणार नाही. तो म्हणाला, "येळ आली की येतंय, मामा."

सगळे हसले. म्हाताऱ्याने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि मग नवरा सांगायला लागला. त्या दिवशी ती गोष्ट पहिल्यांदा सांगितली गेली. सुरुवातीला अडखळला. पाणी किती गार होतं इथपर्यंत आला आणि मग त्याला सूर सापडला.

माझी मुलगी दिवाणावर बसून चित्र काढत होती. ती मान वर न करता म्हणाली, "आई गेली होती आत. बाबा नंतर आले."

दाजी कपातल्या चहाकडे बघत होते. मग सासूबाई म्हणाल्या, "जा गं, आत जाऊन खेळ. मोठ्या माणसांत बोलू न्हाई." मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी तिला सांगू शकले असते, थांब, बैस, तू खरं बोललीस. माझ्या हातात चहाचा ट्रे होता आणि समोर डोक्याला फेटा बांधलेला नवरा होता. मी तिला म्हटलं, जा.

पाहुणे गेल्यावर दुपारी मी त्याला विचारलं. तो शाल घडी करत होता.

"सांगितलं का नाहीत?"

"काय सांगू?" तो म्हणाला. "जावई माणूस आहे. सुनेनं केसाला धरून ओढत आणलं म्हणून सांगू त्यांच्या बापाला?"

"खरं तेच आहे."

"तुला माहीत आहे, मला माहीत आहे, त्यांना माहीत आहे. मग झालं की. तुला शाल पाहिजे होती का?"

मला शाल नको होती. मला काय हवं होतं ते त्या क्षणी शब्दांत सांगता आलं नाही, आणि तो तोवर शाल कपाटात ठेवायला गेला.

खांद्यावर आणि मानेवर नखांचे व्रण राहिले होते. पहिले पंधरा-वीस दिवस ते लाल होते, मग काळपट. सासूबाई म्हणाल्या, पदर नीट घेत जा, बघणाऱ्याला काय वाटंल. मी पदर घेतला.

पुढच्या महिन्यात सांगलीला गेले तेव्हा वडिलांना सगळं सांगितलं. ते आजारीच असत तेव्हा, खाटेवर उशीला टेकून बसले होते. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मग विचारलं, मागून धरलंस ना? खाली गेलीस तेव्हा श्वास भरून घेतला होतास? पाय कसे मारलेस? मी सांगत गेले. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मला वाटलं, एवढ्यासाठीच मी सांगलीला आले. मी म्हटलं, तुम्ही एकदा फोन कराल का त्यांना? नुसतं विचारा, कसं झालं म्हणून. त्यांनी पाठीमागची उशी सरळ केली. मग म्हणाले, "आता राहू दे बाळ. संसार आहे तुझा." त्यानंतर हा विषय आमच्यात निघाला नाही. ते गेले तेव्हाही निघाला नाही.

दाजी माझ्याशी त्या दिवसापासून वेगळे वागायला लागले. पूर्वी ते जेवायला बसले की आमटी चांगली झालीय म्हणत, मला चिडवत, सांगलीचं पाणीच गोड म्हणत. आता मी वाढायला गेले की हात ताटावर आडवा धरत आणि नणंदेकडून वाढून घेत. मी खोलीत आले की फोन काढत. नणंद एकदा मला म्हणाल्या, तू यांचा मान ठेवत नाहीस असं हे म्हणतात. मी कधी काय केलं ते त्यांनाही सांगता आलं नाही. मी मात्र समजून होते. त्यांनी मला पाण्यात बघितलं नव्हतं. मी त्यांना बघितलं होतं. माझ्या मानेला मिठी मारून मला खाली दाबणारा, डोळ्यांत ओळख नसलेला माणूस मी बघितला होता, आणि मी त्यांना म्हटलं होतं की हललात तर सोडून देईन. आपल्याला असं बघितलेल्या माणसाच्या हातची भाकरी गळ्याखाली उतरत नसावी.

नवऱ्याचं वेगळंच झालं. पहिली दोन-तीन वर्षं तो ती गोष्ट सांगताना माझ्याकडे बघणं टाळायचा. मी आत गेले की सुरू करायचा. मग तेही राहिलं नाही. आता तो सांगताना मला हाक मारतो. "विचारा हिला, ही काठावर होती." आणि त्याच्या चेहऱ्यावर लबाडी नसते. ती असती तर मला बरं वाटलं असतं. मी खूपदा निरखून बघितलंय. त्याला आता खरंच आठवतं तसं. तो त्या पाण्यात पोहला आहे, त्याने ते वजन ओढलं आहे, त्याच्या छातीत ती थंडी भरली आहे. माझ्या अंगावरून गेलेलं सगळं त्याच्या अंगावर जाऊन बसलंय. एकदा मी चारचौघांत म्हटलं, "नाही, मी गेले होते आत." तो दुखावल्यासारखा माझ्याकडे बघत राहिला. पाहुण्यांपैकी एक बाई समजुतीने म्हणाल्या, अशा वेळी कुणाला काय आठवणार, सगळ्यांचीच तारांबळ उडते. सगळ्यांनी होकार दिला. मीच भांडखोर ठरले.

गेल्या थंडीत मुलगी पुण्याहून कॉलेजच्या मैत्रिणी घेऊन आली. त्यांना कास बघायचं होतं, बामणोलीला जायचं होतं. आदल्या दिवशी दुपारी त्या जेवायला बसल्या होत्या. मी आत भाकऱ्या थापत होते. कुणीतरी विचारलं, त्या तलावात पोहायला देतात का? मुलगी म्हणाली, "अजिबात नाही. आमच्या मामांचं काय झालं सांगू का?" दाजींना ती मामा म्हणते. आणि तिने सांगितलं. वाळलेलं खोड, वर गेलेला हात, आणि मग बाबांनी कशी उडी मारली. तिचे बाबा समोर बसून ताटातलं दही कालवत होते. एका मैत्रिणीने म्हटलं, काका, ग्रेट आहात. तव्यावरची भाकरी करपली.

मुली बाहेर फिरायला गेल्या तेव्हा तिला मी थांबवून घेतलं. भांडी आवरायला मदत कर म्हटलं. तिने बाह्या वर केल्या.

"तू काठावर होतीस त्या दिवशी," मी म्हटलं. "तुला काय दिसलेलं आठवतं?"

"बाबा पाण्यात आहेत आणि त्यांनी मामांचा हात धरलाय. एवढंच स्पष्ट आठवतं. का गं?"

"आणि मी?"

ती विचार करायला लागली. खोटं बोलायचा प्रयत्न करत नव्हती. कपाळाला आठ्या घालून खरोखर आठवत होती. "तू ओली होतीस," ती म्हणाली. "लाँचमध्ये मी तुझ्या मांडीवर होते आणि तू ओली होतीस. पाऊस होता का तेव्हा?"

"पाऊस नव्हता. मी गेले होते आत. तुझे बाबा शेवटी आले. तूच सांगितलं होतंस सगळ्यांना, चित्र काढत बसली होतीस तेव्हा."

तिने माझ्याकडे बघितलं. तिच्या नजरेत अविश्वास नव्हता. नव्या पिढीची मुलगी आहे, आईवर प्रेम करते, बायकांचं श्रेय पुरुष घेतात यावर तिने कॉलेजात निबंधही लिहिला होता. तिने साबणाचे हात तसेच माझ्या गळ्यात टाकले आणि म्हणाली, "असेल गं आई. दोघंही गेला असाल."

मग ती घासलेली पातेली विसळायला लागली. मी तिच्या शेजारी उभी राहून एकेक पातेलं पुसून ठेवत होते. बाहेरून नवऱ्याची हाक आली, चहा टाक म्हणून. मुलीने माझ्याआधी गॅस पेटवला.